आकाश पाहताना संगणक हँग होतोय: स्टेलॅरियम, सेलेस्टिया, स्पेसइंजिन की युनिव्हर्स सँडबॉक्स?

खगोलशास्त्राचं सॉफ्टवेअर चालवताना संगणक हँग होतो म्हटलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे नवं ग्राफिक्स कार्ड घ्या. हा सल्ला महागात पडतो आणि पुष्कळदा चुकतोही. वर नावं दिलेली चारही सॉफ्टवेअर पडद्यावर तारेच दाखवतात, पण प्रत्येकाचा भार संगणकाच्या वेगळ्या भागावर पडतो. त्यामुळे आपला संगणक कुठे अडतो हे आधी कळलं, तर सेटिंग बदलायचं, सॉफ्टवेअर बदलायचं की पैसे खर्च करायचे, हे ठरवणं सोपं जातं.

पडदा थिजला की लगेच पॉवरचं बटण दाबू नका. आधी कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे, अडकलंय ते सॉफ्टवेअर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा आपोआप काळा होऊन परत आला, तर विंडोजनेच ते काम केलेलं असतं: ग्राफिक्स कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, आणि बहुतेक वेळा इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. दिवा अजिबात हलत नसेल किंवा संगणक अचानक बंद पडत असेल, तर संशय उष्णता, रॅम आणि पॉवर सप्लायवर घ्यावा.

चौघांत स्टेलॅरियम सगळ्यात हलकं. ते निरीक्षकाभोवतीचा आकाशाचा घुमट काढतं. मूळ यादीत ६ लाखांहून अधिक तारे असतात, जादा याद्या उतरवल्या की हा आकडा १७ कोटींच्या पुढे जातो. एवढं हलकं असूनही जुन्या संगणकांवर ते अडतं, कारण त्याला ओपनजीएल (कार्डाकडून चित्र काढून घ्यायची एक पद्धत) नीट चालवणारा ड्रायव्हर लागतो. विंडोजने स्वतःहून बसवलेला साधा ड्रायव्हर इथे पुरत नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला की अनेकांची अडचण तिथेच मिटते. नाहीच मिटली तर क्यूटी ५ (सॉफ्टवेअर बांधायचा एक साचा) वर बांधलेल्या विंडोज आवृत्तीत अँगल मोड मिळतो, तो तेच काम डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीकडे वळवतो. मेसा मोडमध्ये सगळं चित्र प्रोसेसर काढतो. त्यात वेग बराच पडतो, पण निदानासाठी हा मोड फार उपयोगी आहे: मेसा मोडमध्ये तासभर काही अडलं नाही, तर संशय ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरवर पक्का होतो.

लॅपटॉप तापून अडत असेल तर स्टेलॅरियमच्या एका साध्या सेटिंगकडे लक्ष द्या. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). ६० अंशांचं दृश्य १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर घेतलं, तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारासुद्धा एक पिक्सेल सरकायला सुमारे १३ सेकंद घेतो. मग दर सेकंदाला ६० चित्रं काढून कार्ड तापवायचं कशासाठी? फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रांची, कमाल मर्यादा ३० किंवा त्याहून कमी ठेवा. स्थिर आकाशात काही कमी झाल्याचं जाणवणारही नाही.

सेलेस्टियाचं तसं नाही. २००१ साली आलेलं हे सॉफ्टवेअर आपल्याला पृथ्वी सोडून ग्रहांच्या जवळ नेतं. ताऱ्यांची मूळ यादी हिप्पार्कस उपग्रहाची, म्हणजे जेमतेम १ लाख १८ हजार तारे. तेवढ्याने कुठलाही संगणक दमत नाही. भार पडतो तो ग्रहांच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा. ८१९२ बाय ४०९६ पिक्सेलचं एक चित्र न आकसता कार्डाच्या मेमरीत उघडलं की १२८ मेगाबाइट खातं, आणि दोन्ही बाजू दुप्पट केल्या की ५१२. हौसेने जोडलेल्या अ‍ॅड-ऑनमध्ये (वरून घातलेल्या जादा फायलींमध्ये) अशी चित्रं भरपूर असतात. मंगळाजवळ जाताच अडत असेल आणि मोकळ्या अवकाशात सुरळीत चालत असेल, तर कारण हेच. शिफ्ट न धरता आर बटण दाबलं की टेक्श्चरचा, म्हणजे या चित्रांचा, दर्जा एक पायरी खाली आणता येतो. जोडलेले अ‍ॅड-ऑन एकेक करून बाजूला काढले की दोषी कोण तेही कळतं.

स्पेसइंजिन सर्वांत देखणं आणि सर्वांत खादाड. व्लादिमीर रोमान्युक यांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर ज्ञात ताऱ्यांपलीकडचं विश्व सूत्रांनी जागच्या जागी तयार करतं, आणि तो डोंगर-दऱ्यांचा सगळा हिशोब ग्राफिक्स कार्डावर होतो. ग्रहावर उतरताना क्षणभर अडखळणं अपेक्षितच आहे. ड्रायव्हर वारंवार रीसेट होत असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन त्या २ सेकंदांची मुदत वाढवण्याचा उपाय सुचवला जातो. माझ्या मते ती शेवटची पायरी. आधी भूभागाच्या तपशिलाची पातळी आणि रेझोल्यूशन उतरवा. कार्डाची मेमरी जेमतेम २ गीगाबाइट असेल, तर मी हे सॉफ्टवेअर घ्यायचा आग्रह धरणार नाही. २०१९ पासून ते स्टीम या ऑनलाइन दुकानावर विकत घ्यावं लागतं, म्हणून हे आधीच तपासलेलं बरं.

युनिव्हर्स सँडबॉक्समध्ये मुख्य काम गुरुत्वाकर्षणाच्या गणिताचं. प्रत्येक वस्तूची प्रत्येक दुसऱ्या वस्तूवरची ओढ मोजायची म्हटली, तर १०० वस्तूंच्या ४,९५० जोड्या होतात आणि १,००० वस्तूंच्या ४,९९,५००. वस्तू दहापट, काम शंभरपट. दोन ग्रह आदळवले की तुकड्यांची संख्या उसळते आणि संगणक तिथेच बसतो. इथे नव्या कार्डाने मोठा फरक पडेल अशी आशा धरू नका. तुकड्यांची संख्या मर्यादित ठेवा आणि काळाचा वेग कमी करा.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर चारही सॉफ्टवेअरसाठी एक गोष्ट आवर्जून पाहा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली त्या-त्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स दिलंय का? नसेल तर दमदार कार्ड रिकामं बसतं आणि दुबळं बिचारं राबत राहतं.

निवड करायची तर माझा कौल असा. रात्री दुर्बीण लावायची आहे, आज काय दिसेल ते पाहायचं आहे, तर स्टेलॅरियम, संगणक जुना असला तरी. ग्रहणाची सावली किंवा ग्रहांच्या कक्षा विद्यार्थ्यांना बाहेरून दाखवायच्या असतील तर सेलेस्टिया, मूळ चित्रांसह, अ‍ॅड-ऑनशिवाय. कक्षा कशा ढासळतात हे प्रयोग करून शिकायचं असेल तर युनिव्हर्स सँडबॉक्स, मोजक्या वस्तू घेऊन. स्पेसइंजिन स्वतंत्र, ऐसपैस मेमरीचं कार्ड असलेल्यांनीच घ्यावं.

चारही सॉफ्टवेअर अडतात, मेसा मोडमधलं स्टेलॅरियमसुद्धा अडतं, असं असेल तर सॉफ्टवेअर बदलत बसू नका. पंख्यातली धूळ काढा, तापमान मोजा आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. त्यात एक जरी चूक दिसली, तरी रॅमची पट्टी बदलायला हवी.