काठ चिकटला: तीन महागड्या बॅगा आणि तीन पावसाळे

गेल्या दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला बाहेर पडायचं म्हणून कपाटातून काळी बॅग काढली, तर बॅगेबरोबर तिची कापडी पिशवीही आली. चिकटून. सोडवायला गेले तेव्हा चर्र असा बारीक आवाज झाला आणि दोन्ही हँडलांच्या काठांवर पिशवीचे पांढरे तंतू तसेच राहिले. अंगठा लावून बघितला. गुळाचा पाक कच्चा राहिला की बोटाला जसा लागतो, तसा तो काळा रंग अंगठ्याला लागला. बॅग दोन लाखांची. पॅरिसची. बनवणाऱ्या घराण्याचं नाव घेत नाही.

बाकी सगळं शाबूत होतं, हे आधीच सांगते. चामडं ठणठणीत, टाका एकही उसवलेला नाही, कडीची चमक जशीच्या तशी, अस्तर स्वच्छ. बिघडला तो फक्त काठ. जेमतेम चार मिलिमीटरची पट्टी. नवरा म्हणाला, "एवढीशी तर रेघ आहे." पैठणीचा काठ विरला तर "एवढीशी तर रेघ आहे" असं कोणी म्हणेल का? साडी हातात घेतली की आपण पहिला काठ बघतो, मग पदर, मग अंग. बॅग घेताना मात्र मी नाव बघितलं, कडी बघितली, आरशात खांद्यावर कशी दिसते ते बघितलं. काठ बघितलाच नाही. पुढचं सगळं लिखाण बहुतेक काठावरच जाणार आहे. ज्यांना कप्पे आणि मापं हवीत ती सगळीकडे मिळतात.

थोडं मागे जाते. २०२२ पर्यंत माझ्याकडे सात बॅगा होत्या, सगळ्या "बऱ्यापैकी" छापाच्या. एकीत डबा मावायचा नाही, एकीला चेन नाही म्हणून लोकलमध्ये पोटाशी धरून उभं राहायचं, एक सोनेरी साखळीची इतकी चिमुकली की चष्म्याची डबी घातली की फोन हातात. काही वाटल्या, काही विकल्या आणि ठरवलं की कपाटाचा एक कप्पा आणि त्यात तीन बॅगा. चौथी आली तर एक जाणार. प्रत्येक बॅग कितीदा बाहेर नेली याची नोंद दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर. वही हसण्यावारी जाते घरात, पण खरं काय ते तीच सांगते.

काळी बॅग त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑफिसच्या कामाने पॅरिसला गेले तेव्हा घेतली. २१५० युरो. तिथला २० टक्के कर परदेशी ग्राहकाला परत मिळतो म्हणतात, पण मधल्या कंपन्यांची दलाली जाऊन हातात १२ टक्क्यांच्या आसपास येतो. विमानतळावर यंत्रासमोर पावती धरली, हिरवी खूण आली, मी खूश. मुंबईत उतरल्यावर लाल मार्गिकेत जाऊन बॅग दाखवली. तेव्हाच्या नियमाने ५० हजार माफ, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. सत्तेचाळीस हजारांच्या आसपास भरले. नवरा अजून म्हणतो, "विचारलं होतं का कुणी?" घरी येऊन हिशेब मांडला. इथल्या दुकानात तीच बॅग दोन लाख पाच हजारांना होती, मला पडली दोन लाख एक हजाराला. म्हणजे पॅरिसहून मिरवत आणून वाचले चार हजार.

आईने किंमत ऐकून फक्त एवढंच विचारलं, "किती तोळे झाले गं?" तेव्हा सोनं तोळ्याला पन्नास-एक्कावन्न हजार होतं, म्हणजे चार तोळे. गेल्या दसऱ्याला, काठ चिकटला त्याच दिवशी, तोळा १ लाख २० हजारांच्या आसपास. आईने हे दुसऱ्यांदा काढलं नाही. तिचा तो मोठेपणा मला जास्त लागला.

म्हणून "बॅग ही गुंतवणूक आहे" असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. हो, शनेलची मधल्या मापाची 'क्लासिक फ्लॅप' बॅग पाच-सहा वर्षांत जवळपास दुप्पट होऊन २०२४ मध्ये दहा हजार युरोंच्या वर गेली. पण ती दुकानातली किंमत. आपली वापरलेली विकायला काढा, मग कळतं. माझ्या त्या साखळीवाल्या चिमुकलीचे निम्मेही आले नाहीत.

तर काठ. चामडं कापलं की त्याची कड उघडी पडते, आतले तंतू दिसतात. तिचं काय करायचं याच्या तीन तऱ्हा. एक, काठ आत मुडपून शिवायचा, आपल्या परकराच्या नेफ्यासारखा. दोन, काठ घासून घासून गुळगुळीत करायचा आणि मेण चोळायचं. एर्मेस ही फ्रेंच कंपनी मधमाशांचं मेण वापरते ते इथेच. तीन, काठावर रंगाचे थर चढवायचे, प्रत्येक थर वाळला की घासायचा, पुन्हा चढवायचा. तिसरी तऱ्हा दुकानात सगळ्यात देखणी दिसते, काचेसारखी. पण तो रंग बहुतेक वेळा पॉलियुरेथेनच्या जातीचा असतो आणि त्यातल्या काही प्रकारांना दमट हवा सोसत नाही. हवेतल्या पाण्याने रेणूंची साखळी तुटत जाते, रंग आधी मऊ पडतो, मग चिकट. जुन्या बॅगांच्या आतला कप्पा हात घालताच बोटांना चिकटतो, तो यानेच. बुटांचे तळवे न वापरता कपाटातच भुगा होतात, तेही यानेच.

आता ठाण्यातलं आमचं कपाट. दसऱ्यानंतर तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून आत ठेवला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पाऊस जवळजवळ संपलेला, तरी काटा ७८ टक्क्यांवर. चामड्याला ५० च्या आसपास बरं असतं म्हणतात. जुलैत किती असेल याचा विचारही करवत नाही. आणि मी काय केलं होतं? जपायची म्हणून जून ते सप्टेंबर बॅगेला हात लावला नव्हता. कापडी पिशवीत, त्यावर तिचा खोका, खोक्यावर जुन्या रजया. वही बघितली: तीन पावसाळ्यांतले मिळून बारा महिने, बाहेर नेल्याची नोंद शून्य.

दुकानातली मुलगी गोड बोलली, पाणी दिलं, फोटो काढले, बॅग ठेवून घेतली. पाच आठवड्यांनी मेल आला की हा हवामानामुळे झालेला नैसर्गिक बदल आहे, काठ नव्याने करून देऊ, ३८ हजार रुपये. मी तो मेल तीनदा वाचला. हवामान! तुम्ही दुकान मुंबईत थाटलंत, लडाखला नाही. इथे चार महिने पाऊस पडतो हे गुपित आहे का? मी आर्द्रतामापकाचा फोटो, काठाचे जवळून काढलेले फोटो आणि पावती जोडून उत्तर पाठवलं. दुसरं उत्तर आलं, आधीच्याचीच शब्द हलवलेली नक्कल. तिसऱ्यांदा फोन केला, तो दुसऱ्याच देशात लागला.

मधल्या काळात एका शनिवारी धारावीत चामड्याच्या दुकानांकडे गेले. मनात होतं की कोणीतरी वस्ताद कारागीर पाचशे रुपयांत करून देईल आणि मी त्या मेलला झणझणीत उत्तर लिहीन. बॅग दुकानाकडेच होती, म्हणून फोनवरचे फोटो मोठे करून दाखवले. त्या गृहस्थांनी नीट बघितले आणि मान हलवली. "मॅडम, पुराना रंग पूरा छिलना पडेगा, टाके के पास ब्लेड लगी तो काम खतम. कंपनी से ही करवाओ." मग स्वतःच्या दुकानातली एक बॅग पुढे केली, काठ मुडपलेला. "इधर के मौसम में ये लो." आठशे रुपये. घेतली नाही, चौथी झाली असती.

परत येताना कोल्हापुरी चपलांची आठवण झाली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशा चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. मला आता त्यातलं वेगळंच दिसतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, काठ उघडा. पावसात घातली तर फुगते, बुरशी धरते, सगळं खरं, पण चिकटत नाही. काठाला लावलेलंच काही नाही तर सुटणार काय?

आता दुसऱ्या दोन बॅगा, थोडक्यात. लाँशॉं या फ्रेंच कंपनीची ल प्लियाज, १९९३ पासून चाललेलं घडीचं नायलॉन, लोकल आणि पावसासाठी. महाग म्हणावी का नाही यावर वाद घालता येईल, पण तिच्याबद्दल तक्रार नाही म्हणून लिहिण्यासारखंही फार नाही. भाजी आणली आहे, लॅपटॉप नेला आहे, विमानात उशाला घेतली आहे. ३४० वेळा.

तिसरी कोच या अमेरिकी कंपनीची, तीही जुनी. मावसबहिणीने न्यू जर्सीतल्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून ४० डॉलरना उचलली. कोचची सुरुवात १९४१ ची, मॅनहॅटनमधली. बेसबॉलचे हातमोजे वापरून जितके मऊ होतात तसं चामडं बॅगेला वापरायचं ही मूळ कल्पना. पुढे १९६२ मध्ये डिझायनर बॉनी कॅशिन आली आणि तिने आपल्या उघड्या टपाच्या गाडीच्या खिट्टीवरून बॅगेची फिरकी आणली. माझ्या बॅगेला तीच पितळी फिरकी आहे. आत अस्तर नाही, नुसतं चामडं. शिवणींवर चामड्याचीच पट्टी दुमडून घातलेली. आली तेव्हा वास मारत होती, कोपरा खरवडलेला होता, मी नाक मुरडून पंख्याखाली टाकली होती. तीन पावसाळे तिला खुंटीवर उघडी टांगली, कारण जपायची गरज वाटली नाही. एकदा हिरवट बुरशी आली, कोरड्या फडक्याने पुसली, गेली. हिशेबवही म्हणते १९० वेळा, म्हणजे वापरामागे साधारण १८ रुपये. काळीचे २१४ वेळा, वापरामागे साधारण ९४० रुपये. ही तुलना मी नवऱ्याला दाखवलेली नाही.

एवढं लिहून डिसेंबरात बाजूला ठेवलं होतं. तेव्हाचा शेवट होता: "काळी विकणार, रंगीत काठाची बॅग पुन्हा घेणार नाही." आता फेब्रुवारी आहे आणि तो शेवट खोडला आहे.

जानेवारीत अचानक मेल आला. प्रकरण वर गेलं होतं, "सद्भावना म्हणून" काठ मोफत करून देत आहोत. माझ्या कुठल्या मेलने हे झालं, की झालंच कोणी दुसऱ्याने तक्रार केल्यामुळे, कल्पना नाही. गेल्या आठवड्यात बॅग हातात आली. आणि काम, मान्यच करावं लागतं, अप्रतिम आहे. काठ आधीपेक्षा बारीक, किंचित गोलाई दिलेला, नखाने टोकरलं तर रेघ उमटत नाही. टाक्याला कुठे धक्का नाही. बॅग खांद्यावर घेतली आणि आरशात बघून मला तीच २०२२ ची खुशी झाली, इतकं भांडूनही. रागवायचं ठरवलेलं असताना असं झालं की फार पंचाईत होते.

पण मग राग यायला जागा सापडलीच. बॅगेच्या मागच्या बाजूला एक तिरकी रेघ होती. लेकीच्या दहावीच्या शेवटच्या पेपराला केंद्राबाहेर उभी असताना तिने धावत येऊन मिठी मारली, तेव्हा तिच्या हातातल्या कंपासपेटीच्या कोपऱ्याने ओढलेली. ती यांनी न विचारता घासून काढली. "कॉम्प्लिमेंटरी" म्हणून पावतीवर लिहिलंय. एर्मेसची 'बर्किन' बॅग जिच्या नावाने ओळखली जाते, त्या अभिनेत्री जेन बर्किनची मूळची बॅग गेल्या जुलैत पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. तिच्यावर ओरखडे होते, जेनने चिकटवलेल्या स्टिकरांचे डाग होते, पट्ट्याला नेलकटर लटकत होतं. कोणी ते "कॉम्प्लिमेंटरी" पुसून ठेवलं नाही म्हणून बरं. माझ्या रेघेबद्दल मेल लिहिला आहे. उत्तर नाही, आणि येऊनही काय उपयोग?

कपाटात आता खोका नाही. आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून त्यांत बॅगा सैल गुंडाळल्यात, पैठणी ठेवतो तशा, आणि प्लॅस्टिक अजिबात नाही. पाणी शोषून घेणारे ते पांढऱ्या दाण्यांचे डबे आणले होते, पण त्यांच्या तळाशी खारट पाणी साचतं आणि डबा कलंडला तर चामड्याचं वाटोळं, म्हणून ते खालच्या कप्प्यात, बॅगांपासून लांब. रंग बदलणाऱ्या सिलिकाच्या पुड्या बॅगेत. डांबरगोळ्या नकोत, वास जन्मात जात नाही. आणि काळी यंदा पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर निघणार, रिक्षाने का होईना.

रोज सकाळी काठावर अंगठा दाबून दहा आकडे मोजते आणि उचलते. आज काटा ५२ वर, अंगठा कोरडा. जुलैत परत लिहीन.