हमीपत्र तपासायला शिकवणारे वकिली कार्यालय, बीड

ज्याच्या हातून माझे चुलते गेले, तो शेजारी मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरला आणि त्याच्या भावाने त्याचा ताबा मागितला, तेव्हा हरकत घेण्यासाठी मी बीडमधील एका वकिली कार्यालयात गेलो. आधीच्या वकिलांनी ‘सुटला, आता काय उरलं’ म्हणून वाटेला लावले होते. इथे वकीलबाईंनी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ३७४ लाल पेन्सिलीने खुणावून समोर ठेवले: न्यायालय अशा व्यक्तीस सुरक्षित ताब्यात ठेवू शकते, किंवा नातलगाने अर्ज करून, तिची नीट काळजी घेण्याची, तिला स्वतःस वा इतरांस इजा करू न देण्याची आणि ठरलेल्या अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करण्याची हमी तारणासह दिली, तरच त्याच्या स्वाधीन करू शकते.

“शिक्षा मागू नका भाऊ, हमी तपासायला सांगा,” असे त्या म्हणाल्या. मला ते पटायला दोन दिवस लागले. त्या शेजाऱ्याचा भाऊ दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला कर्नाटकात असतो, मग औषध कोण देणार, हा प्रश्न त्यांनी हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात घेतला.

झेरॉक्सचे पैसे वेगळे घेतले. पावती मात्र दोनदा मागूनही मिळाली नाही.