बॅलेरिनाचं चित्र पारखायला: १० पट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च

पांढरा ट्यूट्यू (बॅले नर्तकीचा फुगीर झगा), धूसर रंगमंच, कोपऱ्यात फ्रेंच वाटणारी सही. इम्प्रेशनिस्ट (एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रशैली) धाटणीची अशी बॅलेरिना हाती आली, की मूल्यांकनाची फी भरण्याआधी भिंग आणि यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च या दोन वस्तू वापरा. भिंग डोळे झाकून घ्या, टॉर्च मात्र पारखून.

भिंग जवाहिऱ्यांचं, तीन काचांचं हवं. एका काचेच्या स्वस्त भिंगात कडेला रंग फुटतात, आणि इथे तर रंगाचा ठिपकाच ओळखायचा असतो. चित्रापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरा, टेकवू नका. ट्यूट्यूचा पांढरा जिथे करड्यात विरतो तिथे बघा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके गोल नक्षीत बसलेले दिसले तर ऑफसेट छपाई. विस्कळीत बारीक तुषार दिसले तर इंकजेट. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेल्या प्रती नुसत्या डोळ्यांना आणि बोटांना हमखास फसवतात. भिंगाखाली जेलचा उंचवटा एकीकडे जातो आणि रंगाची कड भलतीकडे. खऱ्या तैलरंगात उंचवटा स्वतःचा रंग घेऊनच उठतो.

बॅले नर्तकींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार एदगार देगा याच्या नावावर खपणाऱ्या चित्रांत लाल शिक्का बघाच. १९१७ साली तो वारल्यावर १९१८-१९ मध्ये पॅरिसला त्याच्या स्टुडिओतल्या कामांचे लिलाव झाले, तेव्हा त्यांवर लाल रंगात त्याच्या नावाचा शिक्का मारला गेला. छापील प्रतींत तो शिक्काही छापूनच येतो. लाल अक्षरं ठिपक्यांची निघाली, तर पुढे काही तपासायला नको. ठिपके नसले म्हणून चित्र देगाचं ठरत नाही. त्यासाठी मालकीचे कागद आणि त्याच्या कामांच्या अधिकृत सूचीतली नोंद लागते.

टॉर्च ३९५ नॅनोमीटरचा (ही किरणांची तरंगलांबी) घेऊ नका. त्याच्या जांभळ्या उजेडात चित्राची मंद चमक बुडून जाते. ३६५ चा, काचेवर काळा फिल्टर असलेलाच घ्या, सोबत यूव्ही चष्मा. खोलीत मिट्ट काळोख हवा. जुनं नैसर्गिक व्हार्निश हिरवट चमकतं. त्यावर नंतर केलेली डागडुजी किंवा मागाहून घातलेली सही काळपट दिसते. ट्यूट्यू इथेही कामी येतो: पांढऱ्या रंगांपैकी झिंक व्हाइट पिवळसर-हिरवं उजळतं, टायटॅनियम व्हाइट गडद राहतं. टायटॅनियम व्हाइट १९२० च्या आसपास बाजारात आलं, त्यामुळे मूळ थरात ते असेल तर १८८० चं चित्र म्हणून किंमत सांगणाऱ्याला तिथेच थांबवा. मात्र व्हार्निश जाड असेल तर खालचं काही कळत नाही, म्हणून नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका. पेस्टल (खडूसारख्या भुकटी रंगांचं चित्र) यूव्ही रोखणाऱ्या काचेत असेल तर टॉर्च निरुपयोगी. भुकटी झडते म्हणून फ्रेम घरी उघडू नका.

आमच्या मते भिंगाला पाचपैकी पाच, टॉर्चला साडेतीन.

या दोन्हींतून चित्र पार पडलं तरच लेखी मूल्यांकन करून घ्या. विम्यासाठीची किंमत आणि विक्रीत मिळणारी किंमत वेगळी असते, बहुतेकदा विम्याची बरीच जास्त; कुठली हवी ते आधीच सांगा. फी तासावर किंवा ठरावीक रकमेत ठरवा. चित्राच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्याला आकडा फुगवण्यातच फायदा असतो.