पुण्याच्या घरातलं डिशवॉशर: कढई निघते, पण रिकामं कोण करणार?

डिशवॉशर घेताना दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्या तेलकट कढया यात निघतात का? निघतात. कढईचा प्रोग्रॅम असलेलं १२ ते १४ प्लेस सेटिंगचं (म्हणजे तितक्या माणसांच्या एका जेवणाच्या भांड्यांचं) मशीन, ७० अंशांचं पाणी आणि योग्य मापाची पावडर असेल, तर रस्सा भाजीची कढई आणि फोडणीच्या वरणाचं पातेलं हाताने घासल्यापेक्षा स्वच्छ निघतं. ओशटपणा तर अजिबात राहत नाही. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि मशीन वापरात राहणार की सहा महिन्यांत डबे ठेवायचा ओटा होणार, हे त्यावरच ठरतं. भांडी घासणं या एका मोठ्या कामाची हे मशीन पाच-सहा लहान कामं करतं. ती कोणी करायची हे ठरलेलं नसेल, तर सगळी परत एकाच माणसाच्या वाट्याला येतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. तो वाटा कोणाचा असतो, ते यावरून कळतंच.

आधी मापाचं बोलू. 'प्लेस सेटिंग' हा हिशेब युरोपातल्या सपाट बशा, कप आणि काटे-चमचे धरून केलेला असतो. आपल्याकडे काठाची ताटं, खोल वाट्या, कुकरची भांडी आणि दोन-तीन पातेली असतात. त्यामुळे १३-१४ सेटिंगच्या मशीनमध्ये चार माणसांची दिवसभराची भांडी जेमतेम बसतात, आणि तेवढंच मिळालं तरी पुरे आहे. ओट्यावर ठेवायचं ८ सेटिंगचं मशीन दोघांच्या घरालाही अपुरं पडतं, कारण त्यात कढई ठेवली की बाकी काही मावत नाही. उभ्या मशीनला साधारण ६० बाय ६० सेंटीमीटर जागा आणि ८५ सेंटीमीटर उंची लागते. दार पुढे उघडतं, त्यासाठी आणखी ६० सेंटीमीटर मोकळे हवेत. पेठांमधल्या जुन्या स्वयंपाकघरात ही मोकळी जागाच मिळत नाही, म्हणून टेप घेऊन दार उघडल्याचं माप आधी जमिनीवर आखून बघावं.

नव्या सोसायट्यांमध्ये मशीन बहुधा ड्राय बाल्कनीत जातं. जागा चांगली आहे, पण तिथे हमखास एक चूक होते. सांडपाण्याची नळी सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडली जाते. नळीचं तोंड मशीनच्या तळाच्या पातळीला आलं की आत घेतलेलं पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं. मशीन पाणी भरत राहतं, ते वाहून जात राहतं आणि शेवटी पाणीपुरवठ्याचा एरर येतो. मग दोष मशीनच्या माथी मारला जातो. नळीचा वळसा जमिनीपासून किमान ४० सेंटीमीटर वर नेऊन मगच ती खाली सोडावी. दुसरी अडचण वरच्या मजल्यावर येते. बहुतेक मॉडेलना कमीत कमी ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळाच्या सुमारे ५ मीटर वर हवं. गच्चीच्या लगेच खालच्या फ्लॅटमध्ये तेवढा दाब मिळत नाही, तिथे लहान प्रेशर पंप बसवावा लागतो. प्लग १६ अँपिअरचा, स्वतंत्र आणि अर्थिंग असलेला हवा. एक्स्टेंशन बोर्डावर हे मशीन कधीही चालवू नये.

पुण्यात पाण्याचा विचार घराच्या पत्त्यावरून करावा लागतो. खडकवासला धरणसाखळीतून येणारं महापालिकेचं पाणी बऱ्यापैकी मऊ आहे. वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस, म्हाळुंगे या बाजूला बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, ते पाणी जड असतं. सगळ्या घरांना पाण्याच्या जडपणाचं एकच सेटिंग सांगणारा माणूस घाईत आहे असं समजा. मशीनच्या तळाशी मिठाची टाकी असते. ते मीठ पाणी मऊ करणाऱ्या रेझिनला पुन्हा ताजं करतं. भांडी घासण्याशी त्याचा थेट संबंध नाही. पाण्याचा जडपणा कागदी पट्टीने मोजावा. टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे जडपणा नव्हे. पट्टीवरचा आकडा पीपीएममध्ये असेल तर त्याला १७.८ ने भागावं, म्हणजे मशीनच्या पुस्तकात असलेलं जर्मन डिग्रीचं माप मिळतं. ४०० पीपीएम म्हणजे साधारण साडेबावीस डिग्री, त्याप्रमाणे सेटिंग वर न्यावं. स्वयंपाकाचं बारीक मीठ घालू नये, ते गठ्ठा होऊन बसतं. पहिल्यांदा मीठ भरण्याआधी टाकीत पाणी भरावं लागतं. मीठ भरलं की लगेच एक फेरी लावावी, नाहीतर सांडलेल्या खारट पाण्याने तळाच्या स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात.

गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, हे पुणेकरांना तोंडपाठ आहे. त्या दोन दिवसांत फेरी लावण्याआधी नळाला धार आहे का ते बघावं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पाणी आत येणाऱ्या नळीच्या टोकाची बारीक जाळी माती धरते. महिन्यातून एकदा नळ बंद करून ती काढून धुतली की अर्ध्या तक्रारी संपतात.

आता मुख्य काम, भांडी लावणं. यावरून घरात वाद होतात आणि ते रास्त असतात, कारण लावणं चुकलं तर सगळी फेरी वाया जाते. ताटातलं खरकटं कोरडंच कचऱ्यात काढायचं, पण भांडी नळाखाली विसळायची नाहीत. आधी विसळून ठेवण्याची सवय मोडायला वेळ लागतो, तरी मोडावीच. एकतर पाणी दुप्पट जातं. शिवाय ऑटो प्रोग्रॅममध्ये मशीन पाण्याचा गढूळपणा बघून फेरी ठरवतं. भांडी स्वच्छ दिसली की ते फेरी आखडती घेतं आणि कढई तशीच राहते. पातेली, कढई, कुकरची भांडी खालच्या जाळीत, उपडी आणि किंचित तिरकी ठेवावीत. सपाट उपडी ठेवली तर बुडावर पाणी साचतं. वाट्या एकात एक अडकवू नयेत. वाटीला वाटी चिकटली की मधल्या भागाला पाणी लागत नाही, आणि सकाळी वरणाचा सुकलेला पिवळा कडा तसाच दिसतो. बारा इंची ताटं ठेवायची असतील तर वरची जाळी एक टप्पा उंच करावी. डाव, पळी, झारा आडवे ठेवावेत, सुऱ्यांची टोकं खाली. शेवटी पाणी फवारणारे पंखे हाताने एकदा फिरवून बघावेत. एखाद्या पळीचा दांडा पंख्याला अडला तर मशीन तक्रार करत नाही, भांडी मात्र खरकटीच निघतात.

पावडर आणि गोळीत पावडर बरी. भरलेल्या मशीनला २० ते २५ ग्रॅम, कमी भांड्यांना १५ ग्रॅम, असं माप हातात राहतं. पाऊण तासाच्या झटपट फेरीत गोळी पुष्कळदा पूर्ण विरघळत नाही. भांड्यांचा नेहमीचा साबण किंवा लिक्विड चुकूनही घालू नये, फेसाने पाणी दाराबाहेर येतं. रिन्स एड, म्हणजे शेवटच्या धुण्यात मिसळणारा द्रव, मात्र टाळू नका, त्याने स्टीलवर पाण्याचे डाग राहत नाहीत. स्टीलवर निळसर झाक आली तर त्याचं प्रमाण एक घर कमी करावं. पांढरी पूड दिसली तर व्हिनेगर लावून पुसावं. गेली तर क्षार आहेत, मीठ किंवा सेटिंग तपासा. काचेवरून गेली नाही, तर काच कायमची झिजली आहे.

इको फेरीला साडेतीन-चार तास लागतात, पण पाणी साधारण १० ते १२ लिटर आणि वीज एक युनिटच्या आसपास. कढईच्या फेरीला दोन-अडीच तास, पाणी आणि वीज दोन्ही जास्त. रोज रात्री एकच फेरी लावायची असेल तर कढईची लावावी. कढया नसतील त्या दिवशी इको. वेळ फार लागतो ही तक्रार दिवसा मशीन लावणाऱ्यांची असते. रात्री साडेदहाला बटण दाबलं की तो प्रश्नच उरत नाही.

काही भांडी मशीनच्या बाहेरच राहतात. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई गंजतात. हिंडालियम आणि अॅल्युमिनियम काळं पडतं, हार्ड अॅनोडाइज्ड कुकरचा रंग उतरतो. तांब्या-पितळेची लकाकी जाते, लाकडी पोळपाट-लाटणं तडकतं, नॉनस्टिकचा थर लवकर निघतो. स्टीलचा कुकर आत जाऊ शकतो, पण रिंग आणि शिट्टी काढून. झाकण बाहेर काढल्यावर वाफेची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते रोज बघावं, तिथे अन्नाचा कण अडकणं धोक्याचं आहे. सिंकमध्ये उरणारा हा तवा-पोळपाटाचा ढीग लहान दिसतो. 'मशीन लावलं, माझं काम झालं' म्हणून एक जण निघून गेला, की तो ढीग दुसऱ्याची रोजची वीस मिनिटं खातो. म्हणून मशीन लावणाऱ्यानेच उरलेली भांडी घासून, सिंक पुसूनच काम संपवायचं. कामाचे तुकडे करताना ही जोडी फोडू नये.

बाकीचे तुकडे मात्र खुशाल वेगवेगळ्या हातांत द्यावेत. सकाळी रिकामं करणं दहा-बारा वर्षांच्या मुलांना सहज जमतं. आधी खालची जाळी, मग वरची. उलट केलं तर वरच्या वाट्यांच्या बुडातलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली वाकायला लावू नका, वरची जाळी आणि चमचे त्यांच्याकडे द्या. रिकामं करण्याची वेळ चहाच्या आधीची असावी. सकाळी आठपर्यंत मशीन भरलेलंच राहिलं तर नाश्त्याची भांडी सिंकमध्ये पडतात, आणि तिथून पुढचा दिवस बिघडतो. डिशवॉशर असूनही ज्या घरांत सिंक कायम भरलेलं असतं, तिथे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

सगळ्यात दुर्लक्षित काम लक्षात ठेवण्याचं. मीठ संपत आलं, पावडर मागवायची आहे, फिल्टर कधी धुतला होता, हे एकीनेच डोक्यात ठेवायचं असेल तर मशीनने तिचा भार हलका केला असं म्हणता येणार नाही. ही जबाबदारी पूर्णपणे एका दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावी, आणि 'सांग, मी करतो' या अटीवर नव्हे. आठवड्यातून एकदा फिल्टर फिरवून काढायचा, वाहत्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचा, नीट घट्ट बसवायचा. सैल बसला तर कण पंपात जातात. फवाऱ्याच्या भोकांत मोहरी अडकते, अगदी नेमकी त्या मापाची असल्यासारखी. ती टाचणीने काढावी. लिंबाची बी, कढीपत्त्याचं देठ, टोमॅटोची साल फिल्टरमध्ये सापडते. दाराच्या खालच्या कडेला पाणी पोचत नाही, तिथलं खरकटं ओल्या फडक्याने पुसलं नाही तर वास येतो आणि झुरळं येतात. फेरी संपल्यावर दार थोडं उघडं ठेवलं की आतली हवा कोंडत नाही.

भांड्यांना मावशी येत असतील तर त्यांचं काम बंद करण्याआधी थांबा. तवा, ओटा, पोळपाट हे सगळं तसंच राहतं. पगार कमी न करता कामाची यादी बदलणं जास्त शहाणपणाचं आणि न्यायाचंही आहे. याच शहरात १९८० च्या संपातून मोलकरणींची संघटना उभी राहिली आणि राज्यात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मावशींच्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी घरात चिडचिड होऊ नये, यासाठी हे मशीन फार उपयोगी आहे.

चारेक माणसं, स्टीलची भांडी आणि दोघंही नोकरी करणारे असतील तर आम्ही हे मशीन घ्याच म्हणू. रोजचा स्वयंपाक लोखंड, बीड आणि हिंडालियममध्ये होत असेल तर नका घेऊ. भांडी बदलण्याचा खर्च त्यात धरावा लागेल. जोडणीला माणूस येईल तेव्हा घरातल्या सगळ्या मोठ्यांनी घरी असावं, म्हणून वेळ रविवारची मागा. पाण्याच्या जडपणाचं सेटिंग, मीठ भरणं, फिल्टर काढून बसवणं आणि दोन्ही पंखे सोडवणं, या चार गोष्टी त्याने नुसत्या दाखवून चालणार नाही. प्रत्येकाने त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करून बघाव्यात, आणि घरात एरवी भांड्यांना हात न लावणाऱ्याने सगळ्यात आधी.