फिशटँकला सम्प (खाली ठेवायची फिल्टरची टाकी) जोडायचा, पण काच ड्रिल करायची की बॉक्स लटकवायचा?

ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मला माशांआधी काळजी खालच्या काकूंच्या फॉल्स सीलिंगची.

काठावर लटकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स यू-नळीने टाकीतलं पाणी काठावरून सम्पकडे सोडतो. तो सोपा, भरलेल्या टाकीलाही बसवता येतो. पण प्रवाह मंद असला की यू-नळीत बुडबुडे साचतात, सायफन (नळीतून पाणी आपोआप ओढलं जाणं) तुटतो, आणि सम्पमधला पंप इमानेइतबारे पाणी वर फेकतच राहतो. म्हणून पंपाच्या कप्प्यात इतकंच पाणी ठेवा, की सगळं वर गेलं तरी टाकी काठोकाठ भरणार नाही.

ड्रिल केलेल्या टाकीत पाणी काचेच्या भोकातूनच खाली उतरतं, सायफनची भानगडच नाही. भोकावरच्या जाळीत गोगलगाय अडकली तर तीही तुंबते म्हणा. टफन्ड (उष्णतेने कडक केलेल्या) काचेला मात्र ड्रिल लावू नका, क्षणात चुरा होतो.

वीज गेली की दोन्हींत पाणी खाली येतं. ४ बाय दीड फुटांच्या टाकीतलं १ इंच पाणी म्हणजे जवळपास १४ लिटर, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. पंपाचं पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडा, नाहीतर तोही उलटा सायफन होतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) माझा भरवसा नाही.

टाकी रिकामी आणि काच साधी असेल तर मी ड्रिलच करेन. मासे आत असतील तर बॉक्स, पण दोन यू-नळ्यांचा.