पीपीएफ खाते : जवळजवळ सोळा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या पीपीएफच्या खात्याची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी पूर्ण झाली. खाते जून २००९ मध्ये नाशिकमधील एका बँकेच्या शाखेत उघडले होते. मुदतीची पंधरा वर्षे मात्र खाते उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजली जातात, त्यामुळे प्रत्यक्षात पैसे जवळजवळ सोळा वर्षे त्यात राहिले. निवृत्तीसाठीची बचत म्हणून हे खाते कसे आहे, याबद्दल मी लिहीत आहे. कर वाचवण्याचे साधन म्हणून त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे.

मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हिशेबाचे काम करते. नोकरी सोडणाऱ्या कामगारांचे, पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे (पीपीएफ वेगळा) अर्ज वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेले आहेत. पूर्ण रक्कम काढण्यासाठी फॉर्म १९ आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठी फॉर्म १०सी, असे दोन्ही अर्ज लोक एकदमच भरत. अंबडमधून सातपूरला किंवा सिन्नरला नवी नोकरी लागली की जुना पीएफ पुढे वर्ग करण्याऐवजी मध्ये दोन महिने जाऊ द्यायचे आणि तो काढून घ्यायचा, हा शिरस्ताच होता. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा एकच क्रमांक, आल्यानंतर रक्कम वर्ग करणे पुष्कळ सोपे झाले, तरी सवय लगेच मोडली नाही. त्या पैशांतून मोटारसायकल आली, बहिणीचे लग्न झाले, गावाकडच्या घरावर स्लॅब पडला. यातला एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पण १०सी भरून पैसे घेतले की तेवढी सेवा पुसली जाते, आणि पेन्शनला पात्र होण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर चौदा वर्षे भरली तर सूत्राप्रमाणे महिन्याला ३,००० रुपये पेन्शन बसते. तीन ठिकाणी चार-चार वर्षे काम करून प्रत्येक वेळी पैसे उचलणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्या बारा वर्षांचे काहीच येत नाही. पन्नाशीतला एक टर्नर माझ्यासमोर बसून जुन्या कंपन्यांची नावे एकेक करून सांगत होता आणि मी वह्या चाळत होते. शेवटी त्याच्या खात्यावर सहा वर्षांचीच सेवा निघाली. माणसे कमी कमावतात म्हणून म्हातारपणासाठी उरत नाही, हे अर्धेच खरे आहे. साठवलेले पैसे हाताशी असतात आणि दरवर्षी कोणती ना कोणती गरज म्हातारपणापेक्षा मोठी वाटते, हे मी त्या टेबलावर बसून पाहिले आहे.

पीपीएफचा सर्वांत मोठा गुण म्हणून मी त्याचे कुलूप सांगते, ते यामुळेच. २०१५-१६ मध्ये इंदिरानगरला फ्लॅट घेताना आम्हाला बयाण्याला पैसे कमी पडत होते. सातव्या आर्थिक वर्षापासून पीपीएफमधून काही रक्कम काढता येते, हे मला माहीत होते, म्हणून पासबुक घेऊन शाखेत गेले. खात्यात साधारण एक लाख ऐंशी हजार होते. नियम असा की चौथ्या मागील वर्षाअखेरची शिल्लक आणि लगतच्या मागील वर्षाअखेरची शिल्लक, यांपैकी जी कमी असेल तिच्या निम्मीच रक्कम मिळते. मार्च २०१२ ची शिल्लक सुमारे शहात्तर हजार होती, म्हणजे माझ्या हाती ३८ हजार आले असते. तेवढ्याने बयाण्याचे काम भागत नव्हते, म्हणून मी काहीच काढले नाही आणि यजमानांनी त्यांच्या सोसायटीतून कर्ज घेतले. त्या दिवशी मी चिडून घरी आले होते. आज वाटते, नियम थोडा सैल असता तर हे खाते तिथेच संपले असते.

आता आकडे. पहिली जवळजवळ सहा वर्षे महिन्याला दोन हजार आणि पुढची दहा वर्षे महिन्याला चार हजार, असे एकूण ६ लाख २० हजार रुपये मी भरले. मुदतीअखेर शिल्लक १० लाख ७० हजारांच्या आसपास होती आणि वाढलेल्या रकमेवर एक रुपयाही कर नाही. खाते उघडले तेव्हा व्याज ८ टक्के होते, मध्ये ते ८.८ पर्यंत चढले आणि एप्रिल २०२० पासून ७.१ वर थांबले आहे. १९८६ ते २००० या काळात याच योजनेवर १२ टक्के मिळत असत. त्या काळातली माणसे आजही तेवढाच भरवसा देतात, पण त्यावर विसंबणे भाबडेपणा ठरेल. आज महिन्याला ३० हजारांत चालणाऱ्या घराला, महागाई सहा टक्के धरली, तर वीस वर्षांनी ९६ हजार लागतील. त्यापुढे माझे पावणेअकरा लाख फार टिकणार नाहीत, हे मी मान्य करते. याचा दोष मात्र खात्याचा नाही. माझा पगार दर दोन-तीन वर्षांनी वाढत होता आणि भरणा दहा वर्षे चार हजारांवरच राहिला. वाढलेला पगार घरात कधी मुरला ते कळलेही नाही.

काळाचा परिणाम किती मोठा असतो, हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक हिशेब देते. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला साठ हजार भरले आणि व्याज ७.१ टक्केच राहिले, तर पंधरा वर्षांत सव्वासोळा लाख होतात, आणि तीस वर्षांत जवळजवळ बासष्ट लाख. वर्षे दुप्पट, रक्कम पावणेचारपट. पंचेचाळिसाव्या वर्षी जागे होणाऱ्याला ही तूट व्याजदर कितीही शोधला तरी भरून काढता येत नाही.

व्याज मोजण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेर या काळातील सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचे व्याज धरले जाते, त्यामुळे सहा तारखेला भरलेल्या पैशांना तो महिना मिळत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना माल विकल्याचे पैसे मार्चअखेर हाती येतात. त्यांनी ५ एप्रिलच्या आत एकरकमी भरणा केला तर पूर्ण वर्षाचे व्याज पडते. दरमहा भरण्याची सक्ती नाही, वर्षाला किमान ५०० रुपये पुरतात. महिन्याचे ठरावीक उत्पन्न नसलेल्यांना ही मोठी सोय आहे. शिवाय न्यायालयाच्या हुकमाने कर्जवसुलीसाठी ही शिल्लक जप्त होत नाही. उधारीवर चालणाऱ्या रविवार कारंजा किंवा मेनरोडवरच्या लहान दुकानदारांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

उणिवाही आहेत. भरण्याची दीड लाखांची वार्षिक मर्यादा २०१४ पासून हललेली नाही. हे खाते पेन्शन देत नाही. मुदतीनंतर रकमेचे काय करायचे, ते आपणच ठरवायचे असते. नव्या करप्रणालीत भरणा केल्याची वजावट मिळत नाही, त्यामुळे केवळ मार्चमध्ये कर वाचवायला पैसे भरणारे माझ्या ओळखीतले कितीतरी जण आता भरायचे थांबले आहेत. त्यांची बचत कधी निवृत्तीसाठी नव्हतीच, हे त्यामुळे उघड झाले.

माझी एकच तक्रार शाखेबद्दल आहे. मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे फॉर्म ४, मागायला गेले तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याने अर्ज देण्याआधी अर्धा तास एका विमा पॉलिसीची माहिती सांगितली. ‘मॅडम, इथे ७.१ मध्ये कशाला अडकवता, सगळे काढून यात टाका’ असे तो म्हणाला. पॉलिसीत विम्याचे छत्र किती आणि सहा वर्षांनी पैसे काढले तर हाती किती येतील, हे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने रंगीत पत्रकातला शेवटचा आकडाच दाखवला. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत फॉर्म ४ दिला नाही तर पुढचा भरणा घेतला जात नाही, ही गोष्ट मात्र मला त्या टेबलावर कोणी सांगितली नाही. ती मला आधीच माहीत होती म्हणून निभावले. ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांनी ही तारीख स्वतः लिहून ठेवावी आणि अर्ज दिल्यावर शिक्क्यासह पोच घ्यावी.

मी भरणा चालू ठेवून पाच वर्षांची मुदतवाढ घेतली. आता दर महिन्याच्या एक तारखेला पगाराच्या खात्यातून सात हजार आपोआप वळते होतात, आणि पुढच्या पगारवाढीला त्यात किती वाढवायचे, तो आकडा मी पासबुकाच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून ठेवला आहे.