बाळाचं पहिलं वर्ष: माहेरचा गोठा की मुंबईचं घर?

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय. तिच्या नवऱ्याला लहानपणापासून दमा. घर भांडुपला, पावसाळ्यात पलंगामागच्या भिंतीला हात लावला की बोटं ओली होतात आणि पोपड्याखाली काळी बुरशी दिसते. माहेर पाटण तालुक्यात, दारातच दोन म्हशी आणि एक गाय. "ताई, गोठ्यात वाढलेल्या पोरांना दमा कमी होतो म्हणतात. बाळाला घेऊन वर्षभर तिकडेच राहू का?" असं तिने विचारलं. तिच्यासारखं आणखी कुणाला ठरवायचं असेल, म्हणून लिहितेय.

म्हणतात ते खरं आहे. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या खेड्यांतल्या मुलांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जी मुलं वर्षाच्या आतच गोठ्यात वावरली आणि शेतावरचं दूध प्यायली, त्यांच्यात दमा १ टक्का; ज्यांचं हे एक ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू झालं, त्यांच्यात ११ टक्के. आई गरोदरपणी गोठ्यात वावरत असेल तर त्याचाही फायदा दिसून आलाय. शेणातल्या, वैरणीच्या धुळीतल्या नाना जंतूंशी रोज थोडी थोडी ओळख झाली, की शरीर पुढे साध्या धुळीवर चवताळून उठत नाही. मे महिन्यात आठ दिवस गावी जाऊन हे होत नाही. वावर रोजचा हवा.

पण नुसतं 'गाव' पुरत नाही. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती पंथ, दोघंही शेतकरी, मूळचे युरोपातले आणि वंशाने जवळचे. आमिशांची शेती घोड्यांवर, गोठा घराजवळ. हटराइटांची शेती मोठी, सामायिक, यंत्रांवर चालणारी. शाळकरी मुलांत दमा आमिशांकडे ५.२ टक्के, हटराइटांकडे २१.३. २०१६ च्या अभ्यासात आमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातला एक घटक, ६.८ पट जास्त सापडलं.

हे वाचलं आणि मला आमची पडवी आठवली. धार काढताना आई धाकट्या भावाला गव्हाणीशेजारी गोणपाटावर बसवायची. संध्याकाळी त्याच्या केसांतून कडब्याची कुसळं वेचायचं काम माझं. असा गोठा असेल तरच 'गावी राहू' याला अर्थ आहे. कोकणातल्या कित्येक घरांत आता गुरंच उरली नाहीत. तिथे बाळाला हवा चांगली मिळेल, आजीचा हात मिळेल, पण ही गोष्ट मिळणार नाही.

आणि त्याच घरात चूल पेटत असेल तर? गोठा आहे म्हणून धूर चालतो, असं मुळीच नाही. बाळाच्या छातीला धूर वाईटच. न्हाऊ घातल्यावर ओवा-बाळंतशेपाची धुरी देतात तीसुद्धा नको, मग आजी कितीही रागावो. फवारणीच्या आणि मळणीच्या दिवसांत बाळ घरात ठेवायचं. दूध उकळूनच. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेला नावाचे, रेंगाळणारा ताप आणणारे जंतू येतात, आणि त्या अभ्यासांच्या भरवशावर तो धोका पत्करू नये. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेवर.

मुंबईतल्या घरात गोठ्याची भरपाई होत नाही, पण त्रास कमी करता येतो. गळकी पाइपलाइन दुरुस्त करून ओल घालवा, झुरळांचा बंदोबस्त करा, घरात सिगारेट आणि डासांची कॉइल बंद. बाळाच्या छातीत आधीच घरघर होत असेल किंवा दम्याचं निदान झालं असेल, तर गोठ्याचा प्रयोग करूच नका. तीच धूळ दमा उसळवते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ आणि मोठं रुग्णालय हाताशी असलेली मुंबईच बरी.

बहिणीला मी सांगितलं: आताच जा. तुझी पगारी रजा २६ आठवड्यांची. ती संपेपर्यंत माहेरी राहा, रोज गोठ्यात जा, बाळालाही ने. वर्ष भरावं म्हणून नोकरी सोडू नकोस, आणि बाळाला एकटं आजीकडे ठेवून येण्याचा विचारही करू नकोस. त्याला दुधाइतकीच तू हवी आहेस. बापाचा दमा आहे, त्यामुळे एवढं करूनही बाळाला होणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही.

भांडुपची भिंत ती परतायच्या आत दुरुस्त करून घ्यायचं तिच्या नवऱ्याने अंगावर घेतलंय. आईने चूल मागच्या अंगणात हलवलीय. माजघरात आता गॅसच.